संस्थेचे संकेतस्थळ आणि देणगीदारांची नोंद एकमेकांना कशी जोडावी?

माणदेशी

नमस्कार. माण तालुक्यात मुलींचे वसतिगृह आणि दोन वाचनालये चालवणाऱ्या एका नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाचे कार्यालयीन काम मी पाहते. आमचे संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे आणि त्यावरच्या देणगीच्या पानाला पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) जोडलेला आहे. देणगी आली की कार्यालयाच्या ईमेलवर सूचना येते. ती उघडून मी नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम एक्सेलमध्ये उतरवते, मग वर्डमधल्या नमुन्यावर पावती तयार करून तिची पीडीएफ पाठवते. माजी विद्यार्थिनींची यादी दुसऱ्या एक्सेलमध्ये आहे, वाचनालयाच्या वर्गणीदारांची नोंद रजिस्टरमध्ये आहे आणि स्वयंसेवकांचे क्रमांक ज्याच्या त्याच्या फोनमध्ये आहेत.

आजवर हे निभावले. मागच्या वर्षी मात्र एक प्रसंग घडला आणि तो माझ्या मनातून जात नाही. वसतिगृहात राहून शिकलेली आमची एक विद्यार्थिनी आता पुण्यात नोकरी करते. तिने संकेतस्थळावरून देणगी दिली. आठवडाभरातच आमच्याकडून तिला तीन पत्रे गेली. पहिले आभाराचे होते. दुसरे माजी विद्यार्थिनींच्या यादीतून गेले, त्यावर माहेरचे नाव आणि आधी ‘कुमारी’. तिसरे देणगीच्या आवाहनाचे होते आणि त्यात ‘आपण अद्याप सहभाग घेतलेला नाही’ असे वाक्य होते. तिचा फोन आला. रागाचा सूर नव्हता, ती इतकेच म्हणाली, ‘ताई, मी दिलेले तुमच्यापर्यंत पोहोचले नाही का?’ मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही.

आता विश्वस्तांनी सीआरएम, म्हणजे संस्थेशी जोडलेल्या सर्व माणसांची एकत्र नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर, घेण्यास संमती दिली आहे. ते संकेतस्थळाला जोडून घ्यावे, म्हणजे देणगीदाराने अर्ज भरताच नोंद आपोआप होईल आणि पावतीही जाईल, अशी अपेक्षा आहे. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे की ही जोडणी नेमकी कशी करावी, आणि ती करण्याआधी काय करून ठेवावे.

सह्यकडा

माणदेशी, मी अशा जोडण्या करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली वाट म्हणजे सीआरएम संकेतस्थळाच्या आतच बसवणे. सिव्हीसीआरएम हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, 2005 पासून चालू आहे, आणि ते वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला यांच्या आत प्लगइनसारखे, म्हणजे जोडभागासारखे, बसते. परवान्याचा खर्च नाही. देणगीचे पान त्याचेच असते, त्यामुळे अर्ज भरला की नोंद थेट त्याच्या कोष्टकात जाते आणि मधे काही जोडावेच लागत नाही. दुसरी वाट म्हणजे सीआरएम वेगळ्या ठिकाणी ठेवून संकेतस्थळावरचा अर्ज एपीआयने, म्हणजे दोन प्रणालींनी आपसांत माहिती देण्याघेण्याच्या सोयीने, त्याच्याशी बोलता करणे. सेल्सफोर्स सामाजिक संस्थांना दहा परवाने विनामूल्य देते, तिथे ही दुसरी वाटच घ्यावी लागते. सिव्हीसीआरएमसुद्धा वेगळ्या उपडोमेनवर (मुख्य पत्त्याखालच्या स्वतंत्र पत्त्यावर) ठेवून असे चालवता येते.

माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे आणि त्याचे कारण सुरक्षिततेचे आहे. संस्थेच्या संकेतस्थळावर बातम्या टाकणारे, छायाचित्रे चढवणारे, रचना बदलणारे असे चार-पाच जण प्रशासक म्हणून आत जाऊ शकतात. त्यांतल्या एकाचा पासवर्ड फुटला किंवा एखादे जुने प्लगइन उघडे राहिले, तर देणगीदारांचे पॅन आणि पत्तेही त्याच घरात असतात. बातम्यांचे पान बिघडले तर दुरुस्त करता येते, बाहेर गेलेले पॅन परत आणता येत नाहीत.

कोणतीही वाट घेतली तरी एक नियम पाळा. पावती ‘धन्यवाद’ पानावर अवलंबून ठेवू नका. देणगीदार यूपीआयने पैसे देतो, फोनवरच्या दुसऱ्या ॲपमध्ये जातो आणि तिथूनच फोन खिशात ठेवतो. तुमचे धन्यवादाचे पान उघडतच नाही, पण पैसे मात्र आलेले असतात. म्हणून पावती वेबहुकवर निघाली पाहिजे, म्हणजे गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला स्वतः येऊन ‘ही रक्कम जमा झाली’ असे सांगतो, त्या निरोपावर. हा निरोप दोनदा येऊ शकतो, उलटसुलट क्रमानेही येऊ शकतो. त्यामुळे व्यवहार क्रमांक आधीच नोंदलेला आहे का, हे पाहूनच पुढे जायचे. निरोपाबरोबर येणारी स्वाक्षरी तपासायची, नाहीतर कोणीही खोटा निरोप पाठवून पावती काढू शकेल.

चाफा

सह्यकडा यांनी सांगितलेले सगळे बरोबर आहे, पण आमच्या संस्थेला फटका बसला तो वेगळ्याच ठिकाणी, म्हणून तो सांगते.

आम्ही सिव्हीसीआरएम संकेतस्थळातच बसवले. पहिले दोन महिने सर्व सुरळीत चालले. मग एका ज्येष्ठ देणगीदार बाईंनी विचारले की त्यांच्या गेल्या वर्षीच्या देणग्यांवर आता यजमानांचे नाव का दिसते. शोधल्यावर कळले की दोघांचा ईमेल एकच होता. बाईंची नोंद आधीपासून होती. यजमानांनी संकेतस्थळावरून पहिल्यांदाच देणगी दिली तेव्हा प्रणालीने ईमेल जुळवला, ‘ही तीच व्यक्ती’ असे ठरवले आणि त्या नोंदीतले नाव बदलून टाकले. बाईंच्या सगळ्या जुन्या देणग्या एका क्षणात यजमानांच्या नावावर गेल्या. कोणतीही त्रुटी दाखवली गेली नाही, कारण प्रणालीच्या दृष्टीने काही चुकलेच नव्हते.

आपल्याकडे एका घरात एक ईमेल ही साधी गोष्ट आहे. मुलगा आईच्या नावाने देणगी देतो तेव्हा ईमेल आणि मोबाइल स्वतःचाच घालतो. म्हणून माणदेशी, जोडणीच्या आधी हा प्रश्न सोडवा: तुमच्या संस्थेत ‘एक माणूस’ कशावरून ओळखायचा?

सह्यकडा

चाफा, अत्यंत महत्त्वाची गोष्ट सांगितलीत. यामागचे कारण असे की सिव्हीसीआरएममध्ये दुबार नोंदी ओळखण्याचे दोन मूळ नियम असतात. कार्यालयात बसून कोणी नोंद करत असेल तेव्हाचा नियम नाव आणि ईमेल दोन्ही पाहतो. संकेतस्थळावरून अर्ज येतो तेव्हाचा नियम मात्र केवळ ईमेल पाहतो. हा दुसरा नियम बदलता येतो. भारतीय संस्थांसाठी मी तो नाव, ईमेल आणि मोबाइल असा मिळून ठेवतो. त्यामुळे काही दुबार नोंदी जास्त तयार होतात हे मान्य आहे, पण दोन नोंदी नंतर तपासून एक करणे शक्य असते. दोन माणसे एका नोंदीत मिसळली तर कोणते काय कोणाचे हे सोडवताना फार त्रास होतो.

पती-पत्नींसाठी त्यात ‘घर’ या प्रकारची वेगळी नोंद करता येते. व्यक्ती, घर आणि संस्था असे तीन प्रकार तिथे मुळातच आहेत. दोन व्यक्ती आणि त्यांचे एक घर, अशी मांडणी केली की पत्र घराच्या पत्त्यावर एकच जाते आणि पावती ज्याची त्याला मिळते.

वऱ्हाडी_पाटी

मी थोडा वेगळा विचार मांडतो. महिन्याला चाळीस-पन्नास देणग्या येणाऱ्या संस्थेने हा सगळा व्याप का करावा, हे मला अजून पटलेले नाही. आमच्याकडे गेटवेच्या डॅशबोर्डवरून दर सोमवारी देणग्यांची सीएसवी (साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल) उतरवली जाते. आमच्या कार्यालयातील ताई ती वाचतात, प्रत्येक नाव त्यांच्या ओळखीचे असते, ‘हे आपल्या शाळेतले निवृत्त गुरुजी’ किंवा ‘हा त्यांचा नातू’ हे त्यांना कोणत्याही नियमाविना कळते. मग त्या सीआरएममध्ये नोंद करतात. आठवड्यातून एक तास जातो. चाफा यांच्याकडे जी चूक झाली ती आमच्याकडे होऊच शकली नसती, कारण मधे माणूस आहे.

जोडणी बिघडते तेव्हा ती मूकपणे बिघडते, आणि छोट्या संस्थेत ती दुरुस्त करणारा कोणी नसतो. एका संस्थेला जोडणी करून देणारा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि पुढे सहा महिने वेबहुक बंद असल्याचे कोणाला कळलेच नाही.

रोजकीर्द

मी हिशेबाच्या बाजूने लिहितो, कारण या चर्चेत ती बाजू बहुधा शेवटी येते आणि मग काम पुन्हा करावे लागते.

पहिली गोष्ट रकमेची. देणगीदाराने 1000 रुपये दिले आणि गेटवेचा दर समजा 2 टक्के असेल, तर 20 रुपये शुल्क, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 3 रुपये 60 पैसे, असे वजा होऊन बँकेत 976 रुपये 40 पैसे येतात. पावती 1000 रुपयांचीच द्यायची आणि 23 रुपये 60 पैसे संस्थेचा खर्च म्हणून दाखवायचा. मी अशा जोडण्या पाहिल्या आहेत ज्यांत सीआरएममध्ये निव्वळ रक्कम नोंदवली जात होती आणि वर्षभर पावत्या कमी रकमेच्या निघाल्या. शिवाय गेटवे अनेक देणग्या एकत्र करून बँकेत भरतो, त्यामुळे त्या एकत्रित भरण्याचा सेटलमेंट क्रमांकही सीआरएममध्ये यायला हवा, नाहीतर बँक जुळवणी होणार नाही.

दुसरी गोष्ट पावती क्रमांकाची. छापील पावतीपुस्तक आणि संकेतस्थळ यांच्या मालिका वेगळ्या ठेवा. एकच मालिका ठेवली तर जत्रेत पावती फाडणारा कार्यकर्ता आणि मध्यरात्री पावती काढणारा सर्व्हर दोघेही एकच क्रमांक वापरतील.

तिसरी गोष्ट वेळेची. सर्व्हरचे घड्याळ पुष्कळदा ग्रीनिचच्या वेळेवर चालते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. म्हणजे 1 एप्रिलच्या पहाटे तीन वाजता आलेली देणगी सर्व्हरच्या लेखी 31 मार्चची ठरते आणि चुकीच्या आर्थिक वर्षात जाते. मार्चअखेरीस किती देणग्या येतात हे आपण सारेच जाणतो. ही तपासणी जोडणीच्या पहिल्या दिवशी करा.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट फॉर्म 10बीडीची. आर्थिक वर्ष 2021-22 पासून 80जी (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता) असलेल्या संस्थेला देणग्यांचे विवरण 31 मेपर्यंत आयकर विभागाकडे भरावे लागू लागले. ते भरल्यावर पोर्टलवरून जे 10बीई प्रमाणपत्र निघते, त्यावर देणगीदाराची वजावट अवलंबून असते, केवळ तुमच्या पावतीवर नाही. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क आहे आणि त्याशिवाय 10,000 ते 1,00,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्या विवरणाच्या तक्त्यात देणगीदाराच्या ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक, नाव, पत्ता, देणगीचा प्रकार म्हणजे कॉर्पस (कायम निधी), विशिष्ट कामासाठी की इतर, आणि रोख, वस्तुरूप की इलेक्ट्रॉनिक हे सगळे लागते. संकेतस्थळाचा अर्ज तयार करताना हा तक्ता समोर ठेवा आणि त्यातला प्रत्येक रकाना अर्जातून किंवा गेटवेतून भरला जातो आहे का हे पाहा. मे महिन्यात दोनशे जणांना फोन करून पॅन विचारण्याची वेळ येते ती अर्जात हा रकाना ऐच्छिक ठेवल्यामुळे.

निळी_शाई

पॅनविषयी एक छोटी भर घालते. पॅनची रचना तपासणारा नियम अर्जात जरूर घाला: पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर. चौथे अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’ असते, न्यासासाठी ‘टी’, कंपनीसाठी ‘सी’. पाचवे अक्षर व्यक्तीच्या आडनावाचे आद्याक्षर असते. मात्र त्या पाचव्या अक्षरावरून अर्ज नाकारू नका. लग्नानंतर आडनाव बदलले तरी पॅन तोच राहतो. एका संस्थेच्या अर्जाने आडनाव आणि पाचवे अक्षर जुळत नाही म्हणून माझी देणगी स्वीकारली नाही, तेव्हा मला हे कळले. माणदेशी, तुमच्या तर कितीतरी माजी विद्यार्थिनी याच स्थितीत असतील.

याच कारणासाठी व्यक्तीच्या नोंदीत ‘माहेरचे नाव’ हा स्वतंत्र रकाना करून घ्या. तुमच्या त्या पुण्याच्या विद्यार्थिनीला तीन पत्रे गेली त्याचे मूळ, मला वाटते, इथेच आहे. वसतिगृहाच्या रजिस्टरात जे नाव आहे आणि आज ती अर्जात जे नाव लिहिते, ती दोन नावे कोणताही संगणक स्वतःहून जुळवणार नाही.

आता देवनागरीविषयी. पावती मराठीत द्यायची असेल तर पीडीएफ कशाने तयार होते ते आधी तपासा. सिव्हीसीआरएममध्ये सुरुवातीला डॉमपीडीएफ हे साधन असते आणि त्याला जोडाक्षरे जुळवता येत नाहीत. ‘विद्यार्थिनी’ या शब्दात पहिली वेलांटी ‘व’च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते, ‘द्य’ सुटा होऊन ‘द’चा पाय मोडलेला दिसतो आणि रफार अक्षरावर न चढता शेजारी उभा राहतो. आमच्या पहिल्या पन्नास पावत्या अशाच गेल्या, कारण चाचणी आम्ही इंग्रजी नाव घालून केली होती. डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ हे दुसरे साधन सर्व्हरवर बसवून सेटिंगमध्ये त्याचा मार्ग दिला की अक्षरे नीट येतात. स्वस्त सामायिक होस्टिंगवर ते बसवू देत नाहीत, म्हणून होस्टिंग घेतानाच विचारा.

आणि जुन्या याद्या आत घेताना एक्सेलमधून जतन करायचे ते ‘सीएसवी यूटीएफ-8’ म्हणूनच. नुसते ‘सीएसवी’ निवडले तर सगळी मराठी नावे प्रश्नचिन्हे होतात आणि त्यातून मूळ नाव परत मिळवता येत नाही. बारा आकडी व्यवहार क्रमांकांचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर एक्सेल त्यांना घातांकाच्या रूपात लिहून टाकते.

माणदेशी

सर्वांचे मनापासून आभार. निळी_शाई, तुमचा प्रतिसाद वाचून मी लगेच वसतिगृहाचे रजिस्टर काढले. खरोखर, त्या मुलीचे नाव तिथे वडिलांच्या नावासह आडनाव आधी या क्रमाने आहे, वाचनालयाच्या रजिस्टरात फक्त नाव आणि गाव आहे, आणि देणगीच्या एक्सेलमध्ये नवे आडनाव आहे. तिन्ही नोंदी माझ्याच हस्ताक्षरातून किंवा टंकलेखनातून गेलेल्या आहेत आणि तरीही ती एकच मुलगी आहे हे मला दिसले नव्हते.

वऱ्हाडी_पाटी, तुमचा मुद्दा मला मनापासून पटतो, पण आमच्याकडे नावे ओळखणाऱ्या जुन्या बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या डोक्यात जे होते ते कुठे उतरवलेच गेले नाही. मीही उद्या इथे नसेन. हे कुठेतरी लिहिलेले असावे, ही माझी तळमळ आहे.

ह्यूस्टनवासी

मी देणगीदाराच्या बाजूने लिहितो. आमच्यासारखे अनेक जण गावाकडच्या संस्थांना दरवर्षी काही ना काही पाठवतात, आणि भारतातील संस्थांच्या संकेतस्थळांवर मला एकच चूक वारंवार दिसते. अर्जात ‘देश’ विचारतात, ‘नागरिकत्व’ विचारत नाहीत.

कायद्यात फरक पासपोर्टने पडतो. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भारतीय आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देतो तेव्हा ती परदेशी देणगी ठरत नाही. माझ्यासारखा ज्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे, त्याने पुण्यातल्या आपल्या रुपयांच्या खात्यातून दिले तरी ती परदेशी देणगी ठरते. संस्थेला एफसीआरए (परदेशी देणग्यांविषयीचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती स्वीकारताच येत नाही, आणि नोंदणी असेल तर 2020 च्या दुरुस्तीनंतर ती नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. म्हणजे संकेतस्थळावरच्या अर्जाने नागरिकत्व पैसे घेण्याआधी विचारले पाहिजे आणि उत्तराप्रमाणे वाट वेगळी केली पाहिजे. पैसे आल्यावर सीआरएममध्ये खूण करून उपयोग नाही, तोवर ते चुकीच्या खात्यात पडलेले असतात. प्रेमाने दिलेल्या पैशामुळे संस्था अडचणीत यावी असे आमच्यापैकी कोणालाही वाटत नाही, म्हणून हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

तळटीप

संमतीचा विषय अजून कोणी काढलेला नाही, म्हणून लिहितो. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सामाजिक संस्थांसाठीही आहे. कोणती माहिती कशासाठी घेत आहोत हे स्पष्ट सांगून संमती घ्यायची, आणि ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायचा, असे त्यात आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा संकेतस्थळ मराठी आणि संमतीचा मजकूर तेवढा इंग्रजी, असे करू नका.

जोडणीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ‘पावतीसाठी माहिती’ आणि ‘वार्तापत्र पाठवण्यास संमती’ या दोन वेगळ्या चौकटी हव्यात, दुसरी आधीच खूण केलेली नको, आणि तिचे उत्तर तारखेसह सीआरएमच्या नोंदीत उतरले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी अर्जात चौकट असते, पण ती सीआरएमच्या कोणत्याच रकान्याला जोडलेली नसते. मग देणगीदाराने नको म्हटलेले कोणालाच दिसत नाही.

आधारच्या प्रती संकेतस्थळावर चढवून घेऊ नका, ही माझी विनंती. पॅनने काम भागते.

वऱ्हाडी_पाटी

माणदेशी, तुमचा ‘डोक्यात जे होते ते कुठे उतरवलेच गेले नाही’ हा मुद्दा मला आमच्या कार्यालयाबद्दलही विचार करायला लावणारा आहे. तरीही माझे म्हणणे पूर्ण सोडत नाही. मधला मार्ग असा सुचवतो की जोडणी करा, पण संकेतस्थळावरून आलेली प्रत्येक नवी नोंद ‘तपासणी बाकी’ या गटात पडू द्या. पावती लगेच जाऊ दे, कारण पैसे आले आहेत हे निश्चित आहे. ही व्यक्ती जुन्या यादीतली कोण, हे मात्र आठवड्यातून एकदा माणसाने ठरवावे.

सह्यकडा

वऱ्हाडी_पाटी यांची सूचना मी यापुढे माझ्या कामात वापरणार आहे. त्यांनी सांगितलेल्या मूक बिघाडावरही उपाय आहे. रोज सकाळी गेटवेकडून आदल्या दिवसाची यादी एपीआयने मागवून ती सीआरएममधल्या नोंदींशी ताडून पाहणारे छोटे काम लावा, आणि फरक असो वा नसो, रोज ‘गेटवेत 7, सीआरएममध्ये 7’ असा एका ओळीचा ईमेल कार्यालयाला येऊ द्या. ज्या दिवशी तो येणार नाही त्या दिवशी काहीतरी बंद पडले आहे हे तंत्रज्ञ नसलेल्या माणसालाही कळते. हे काम वर्डप्रेसच्या आतल्या वेळापत्रकावर ठेवू नका. ते कोणी संकेतस्थळ उघडले तरच चालते, आणि छोट्या संस्थेचे संकेतस्थळ रात्रभर कोणी उघडत नाही. सर्व्हरचे स्वतःचे क्रॉन (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) वापरा.

वार्तापत्र त्याच सर्व्हरवरून पाठवणार असाल तर डोमेनच्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी (ईमेल खरोखर तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या) आधी करून घ्या. त्यांच्याविना पावत्यासुद्धा स्पॅममध्ये जातात आणि देणगीदाराला वाटते की संस्थेने पावती दिलीच नाही.

माणदेशी

सहा आठवड्यांनी लिहिते आहे. आम्ही सिव्हीसीआरएम वेगळ्या उपडोमेनवर घेतले. संकेतस्थळावरच्या अर्जात आता नागरिकत्वाचा प्रश्न पहिला आहे. भारतीय नागरिक नाही असे उत्तर आले की आमच्याकडे एफसीआरए नोंदणी नसल्याने देणगी घेता येत नाही, असे नम्रपणे सांगणारे पान उघडते. पावतीची मालिका वेगळी केली. सर्व्हरची वेळ तपासली, ती खरोखरच ग्रीनिचची होती. रोज सकाळी दहा वाजता एका ओळीचा ईमेल येतो आणि आमचे वयस्कर विश्वस्तही तो आवर्जून वाचतात.

जोडणीला पाच दिवस लागले. उरलेला सगळा काळ याद्यांत गेला. निवृत्त झालेल्या बाईंना मी दर रविवारी कार्यालयात येण्याची विनंती केली आणि त्या येतात. मी वसतिगृहाच्या रजिस्टरातले नाव वाचते आणि त्या सांगतात, ‘ही दहिवडीला दिली, आडनाव आता अमुक, हिची धाकटी बहीणही आपल्याकडेच होती.’ मी माहेरच्या नावाचा रकाना भरते आणि बहिणींचे नाते जोडते. आतापर्यंत 1994 पर्यंतची रजिस्टरे झाली आहेत.

पुण्याच्या त्या मुलीच्या तीन नोंदी काल मी एक केल्या. मग तिला फोन करून सांगितले. वाचनालयाच्या रजिस्टरात तिचे नाव पहिल्यांदा कोणत्या वर्षी आले, असे तिने विचारले. मी पाहून सांगितले की ती सातवीत असताना.

चाफा

हे वाचून फार बरे वाटले. एकच सांगते: नोंदी एक करण्याची क्रिया मागे घेता येत नाही. देणग्या आणि नाती दुसऱ्या नोंदीत सरकतात आणि ती पुन्हा सुटी करायला बटण नसते. दर रविवारी बाई येण्याआधी डेटाबेसची प्रत काढून ठेवत जा.